फोक्सवागन टी३च्या शीतलन प्रणालीतील हवा काढणे

फोक्सवागन टी३च्या शीतलन प्रणालीतील हवा काढणे ही या व्हॅनमधील शीतक बदलल्यावर, तसेच पाण्याचा पंप, नळ्या किंवा रेडिएटर यांची दुरुस्ती केल्यावर करावी लागणारी देखभालीची प्रक्रिया आहे. शीतक म्हणजे इंजिनातील उष्णता वाहून नेणारे पाणी व ग्लायकॉल यांचे मिश्रण होय. इंजिन गाडीच्या मागे आणि रेडिएटर पुढे असल्यामुळे या व्हॅनमध्ये हवा सहज अडकते. ती पूर्णपणे न काढल्यास इंजिन अतितप्त होऊन निकामी होऊ शकते.

पार्श्वभूमी

टी३ ही व्हॅन १९७९ साली बाजारात आली. उत्तर अमेरिकेत ती व्हॅनागन या नावाने विकली गेली. आधीच्या पिढ्यांप्रमाणे तिचे इंजिन मागील बाजूस होते व प्रारंभी ते हवेने थंड होत असे. १९८१ मध्ये पाण्याने थंड होणारे डिझेल इंजिन आणि १९८२ मध्ये 'वासरबॉक्सर' हे पाण्याने थंड होणारे पेट्रोल इंजिन उपलब्ध झाले. इंजिनाची जागा मात्र बदलली नाही. समोरून येणारा वारा मिळावा म्हणून रेडिएटर गाडीच्या पुढील बाजूस बसवण्यात आला आणि गाडीच्या तळाखालून जाणाऱ्या लांब नळ्यांनी तो इंजिनाशी जोडण्यात आला. त्यामुळे या प्रणालीत सुमारे १६ ते १७ लिटर शीतक मावते. लहान मोटारींच्या तुलनेत हे प्रमाण बरेच अधिक आहे.

हवा अडकण्याची कारणे व परिणाम

हवा द्रवापेक्षा हलकी असल्याने ती प्रणालीतील उंच जागी जमा होते. टी३मध्ये रेडिएटरचा वरचा भाग व प्रवासी कक्षातील हीटर या अशा जागा आहेत. शीतक मात्र मागील बाजूच्या प्रसरण टाकीतून भरले जाते. त्यामुळे टाकी काठोकाठ भरलेली असूनही रेडिएटर अर्धा रिकामा असू शकतो. शीतक कमी झाल्याची सूचना देणारा दिवा टाकीतील पातळीवरच अवलंबून असल्याने अशा वेळी तो लागत नाही.

समान आकारमानाच्या पाण्याची उष्णता धारण करण्याची क्षमता सामान्य तापमान व दाबास हवेच्या तीन हजार पटींहून अधिक असते. म्हणून हवा साचलेल्या भागातून उष्णता जवळजवळ वाहून नेली जात नाही. पंप द्रवासाठी बनवलेला असल्याने त्यात हवा शिरल्यास अभिसरण मंदावते किंवा थांबते. तापमापकाचा संवेदक द्रवाऐवजी हवेत राहिल्यास काटाही खरे तापमान दाखवत नाही. परिणामी चालकाला धोका कळण्यापूर्वीच ॲल्युमिनियमचे सिलिंडर हेड वाकणे किंवा गॅस्केट निकामी होणे, असे नुकसान होऊ शकते.

पद्धत

रेडिएटरच्या वरच्या टोकाजवळ हवा सोडण्याचा स्क्रू असतो. पुढील वरची जाळी काढल्यावर तो दिसतो. हा स्क्रू संपूर्ण प्रणालीतील सर्वांत उंच बिंदू व्हावा, हे या पद्धतीचे मूळ तत्त्व आहे. त्यासाठी गाडीचा पुढील भाग सुमारे ४० सेंटिमीटर उचलून भक्कम आधारावर ठेवतात आणि मागील चाकांना अडसर लावतात.

इंजिन थंड असताना पुढील क्रमाने काम केले जाते:

१. हीटरचे नियंत्रण पूर्ण उष्ण स्थितीत ठेवतात. मागील आसनाखाली दुसरा हीटर असल्यास त्याचीही झडप उघडतात.
२. रेडिएटरवरील स्क्रू उघडतात. काही इंजिनांवर हवा सोडण्याची स्वतंत्र झडप असते, तीही उघडतात.
३. प्रसरण टाकी शीतकाने भरतात.
४. इंजिन सुरू करून त्याचा वेग मिनिटाला सुमारे २,००० फेरे ठेवतात. टाकीतील पातळी उतरेल तसे शीतक ओतत राहतात.
५. स्क्रूतून बुडबुड्यांविना अखंड धार येऊ लागल्यावर टाकीचे झाकण, स्क्रू व इंजिनावरील झडप बंद करून इंजिन थांबवतात.
६. थोड्या वेळाने इंजिन पुन्हा सुरू करून वेग वाढवतात व स्क्रू क्षणभर उघडून उरलेली हवा जाऊ देतात.

यानंतर गाडी सपाट जागी आणून इंजिन गरम होऊ देतात. रेडिएटर सर्वत्र गरम होणे, हीटरमधून उष्ण हवा येणे व रेडिएटरचा पंखा आपोआप सुरू होणे ही काम नीट झाल्याची लक्षणे आहेत. इंजिन थंड झाल्यावर पातळी पुन्हा तपासली जाते.

हवा पुन्हा जमा होणे

योग्य रीतीने हवा काढूनही ती वारंवार जमा होत असल्यास नळीची गळती, टाकीचे सदोष झाकण किंवा ज्वलनकक्षातील वायू शीतकात शिरणे ही कारणे संभवतात. वासरबॉक्सर इंजिनात सिलिंडर हेडच्या सीलजवळ होणारे क्षरण हा परिचित दोष आहे. तो टाळण्यासाठी फॉस्फेटविरहित शीतक वापरले जाते. अशा दोषात केवळ हवा काढल्याने तात्पुरताच उपयोग होतो.

सुरक्षितता

चालू स्थितीत प्रणालीतील दाब वातावरणीय दाबापेक्षा सुमारे १ बारने अधिक असू शकतो. या दाबाला साधे पाणीसुद्धा सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. गरम इंजिनावर झाकण उघडल्यास दाब अचानक उतरून उकळते शीतक व वाफ बाहेर उसळते, ज्यामुळे गंभीर भाजण्याचा धोका असतो. इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोड असल्याने मुले व पाळीव प्राणी ते पिण्याची शक्यता असते. त्यामुळे सांडलेले शीतक लगेच पुसून घेणे व जुने शीतक बंद भांड्यात साठवणे आवश्यक असते.