शेवळं, काकडं आणि कातकरी

आजचा विषय आदिवासी आणि त्यांची रोजची संस्कृती असा आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाने सुरुवात व्याख्येपासून करावी अशी रीत आहे, पण आम्ही आज सुरुवात भाजीपासून करणार आहोत.

पावसाच्या पहिल्या सरी पडल्या, की वांगणी, बदलापूर, अंबरनाथ स्टेशनांबाहेर आपल्या ठाकूर आणि कातकरी बायका रानभाज्या घेऊन बसतात. त्यात शेवळांच्या जुड्या असतात. आता नीट बघा, शेवळांच्या शेजारी छोट्या हिरव्या फळांचाही वाटा असतो. ती काकडं. शेवळं नुसती शिजवली तर घसा खाजतो. काकडं ठेचून त्यांचा रस भाजीत घातला, की खाज जाते. कंद एका जागी उगवतो, फळ दुसऱ्याच झाडावर लागतं, आणि दोन्ही एकाच सुमारास येतात. या दोघांची गाठ कोणी घातली? ते कुठल्याही पुस्तकात आधी लिहिलेलं नव्हतं. कोणीतरी खाल्लं, खाज सोसली, उपाय शोधला आणि लेकीसुनांना सांगितला. आपण दहा-वीस रुपयांना जुडी घेतो तेव्हा हे ज्ञान फुकट घरी नेतो.

संस्कृती म्हटलं की आपल्याला काय आठवतं? ठाकरांचा कांबडनाच, वारल्यांचा तारपा, भिंतीवरची पांढरी चित्रं. ते सगळं आहेच. पण स्नेहसंमेलनात दहा मिनिटं दाखवता येतं तेवढ्यालाच संस्कृती म्हणायचं का? आमच्या मते संस्कृतीचा मोठा भाग दाखवण्याजोगा नसतोच. कुठल्या महिन्यात कुठला कंद खणायचा, किती मागे ठेवायचा, ओढ्याच्या कुठल्या डोहात मासा सापडतो, ही ती संस्कृती. ती करण्यात असते, सांगण्यात नव्हे. आपण पोहायला शिकतो ते पाण्यात, व्याख्यान ऐकून नव्हे, तसंच हे.

आता नावाकडे वळू. कातकरी हे नाव कातावरून आलं. खैराच्या लाकडाचा गाभा उकळून, आटवून कात काढणारे ते कातकरी, किंवा काथोडी. म्हणजे धंद्यावरून पडलेलं नाव. 1878 च्या वन कायद्यानंतर जंगलं राखीव होत गेली, खैर तोडणं गुन्हा ठरू लागलं, आणि कात काढणं हळूहळू हातातून गेलं. धंदा गेला, नाव मात्र राहिलं. पुढे कोळसा पाडणं आलं, मग वीटभट्टी.

नावांचा हा घोळ आपल्याकडेच आहे असं नाही. चीनच्या नैर्ऋत्येला युन्नान हा डोंगराळ प्रांत आहे. तिथे 1954 साली सरकारी अभ्यासपथकं फिरली. लोकांनी स्वतःची म्हणून सांगितलेली नावं शेकड्यांनी होती. पथकांनी ती मोजक्या गटांत बसवली. आज चीनमध्ये हान सोडून 55 अल्पसंख्य समाज अधिकृत आहेत. लुगू सरोवराकाठचे मोसुओ लोक बघा. वंश आईकडून मोजणारा हा समाज. सरोवराच्या युन्नानकडच्या काठावर सरकारदरबारी त्यांची गणना नाशी म्हणून होते, आणि पलीकडच्या सिचुआनमध्ये मंगोल म्हणून! माणसं तीच, पण मधे प्रांताची हद्द गेली.

आपल्या यादीतही ठाकूर, ठाकर, क ठाकूर, म ठाकूर अशी नावं ओळीने आहेत. यादी वाईट असं आम्ही म्हणत नाही. यादीत नाव नसेल तर दाखला नाही, दाखला नसेल तर शिष्यवृत्ती नाही. कातकरी हे तर महाराष्ट्रातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी जमातींपैकी एक, कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासोबत. पण यादी नाव टिपते, जगणं टिपत नाही. जगणं टिपायला कोणीतरी जवळ जाऊन बसावं लागतं. या बाबतीत आपला परिसर भाग्यवान. ना. गो. चापेकरांनी 1933 साली बदलापूर गावावर अख्खा ग्रंथ लिहिला, आणि ल. ना. चापेकरांचं सह्याद्रीतल्या ठाकुरांवरचं इंग्रजी पुस्तक 1960 साली आलं.

आता मुख्य मुद्दा. करण्यात असलेली संस्कृती टिकायला दोन गोष्टी लागतात, रान आणि घराखालची जमीन. 2006 च्या वनहक्क कायद्याने रानातल्या गौण उपजावरचा हक्क मान्य केला. पण कितीतरी कातकरी वाड्या वनजमिनीवर नाहीत, दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीवर आहेत. पूर्वी जमीनमालकाला शेतावर माणसं हवी होती, म्हणून त्याने झोपडी घालू दिली. तेव्हा कागद कोणी मागितला नाही. आज आपल्या लोकल मार्गावर प्लॉट पडताहेत, भाव चढताहेत, आणि तीच वाडी अडचण वाटू लागली आहे. 2023 साली अशा जमातींसाठी पीएम-जनमन योजना आली, तीत घरकुलं आहेत. पण घरकुल बांधायला जागा लागते, आणि जागेला सातबारा लागतो.

त्यात दिवाळीनंतर उचल घेऊन कुटुंबंच्या कुटुंबं भट्टीवर जातात ती पावसाच्या तोंडाशी परततात. मुलाची शाळा सुटते, हे आपल्याला कळतं. त्याची दुसरी शाळाही सुटते, ते कळत नाही. आईबरोबर रानात हिंडून शिकायचे महिने तो विटा उलटवत काढतो. आणि परतल्यावर वाडीच जागेवर नसेल, तर मग शिकणार कुठे?

आपल्यापैकी पुष्कळजण इथे बाहेरून आलो, घरं घेतली, आम्हीही त्यातलेच. आपल्या इमारतीखालच्या जागेवर आधी काय होतं हे आपण विचारलं नाही. निदान आता एक करता येईल. पुढच्या ज्येष्ठात शेवळं घ्याल तेव्हा भाजी कशी करायची एवढंच विचारू नका. मावशी, तुमची वाडी कुठली, आणि घराची जागा कोणाच्या नावावर आहे, हेही विचारा. उत्तर ऐकलं, की ग्रामसभेत कुठल्या ठरावासाठी हात वर करायचा ते वेगळं सांगावं लागणार नाही. काकडांचा वाटा घ्यायला मात्र विसरू नका.