ॲपमध्ये ग्राहकाचा युनिक आयडी: मोबाईल नंबर का नको?



डब्याच्या व्यवसायासाठी ॲप बनवायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो: ग्राहक ओळखायचा कशावरून? बरेच जण मोबाईल नंबरच आयडी म्हणून ठेवतात. सोपं वाटतं, पण पैशांचा घोळ इथूनच सुरू होतो.

समजा, एका ताईंनी महिन्याचे ३,००० रुपये ॲडव्हान्स भरले आणि पंधरा दिवसांनी नंबर बदलला. आता ॲपच्या दृष्टीनं त्या नव्या ग्राहक! जमा रक्कम जुन्या खात्यात अडकली. बंद झालेला नंबर ९० दिवसांनंतर दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तो माणूस तुमच्या ॲपवर आला, तर ताईंची शिल्लक त्याला दिसणार.

मग १, २, ३ असे नंबर द्यायचे?

वहीत हे चालतं, कारण वही एकाच्याच हातात असते. ॲप एकाच वेळी अनेकांच्या हातात असतं. दोन फोननी एकाच क्षणी "शेवटचा नंबर १००" असं वाचलं, तर दोघांनाही १०१ मिळतो आणि एकाची नोंद दुसऱ्याच्या नोंदीवर लिहिली जाते.

मग करायचं काय?

फायरबेस वापरत असाल तर हे काम आयतं होतं.

१. ग्राहक लॉगिन झाला की फायरबेस ऑथेंटिकेशन त्याला एक यूआयडी देतं. फायरस्टोअरमध्ये ग्राहकाच्या डॉक्युमेंटला तेच नाव द्या. मोबाईल नंबर फक्त आतली एक माहिती म्हणून ठेवा.

२. ऑर्डरसाठी फायरस्टोअरचा ऑटो आयडी घ्या. तो २० अक्षरांचा असतो आणि प्रत्येक जागी ६२ पर्याय असतात. ७ वर ३५ शून्यं, एवढे आयडी त्यातून बनू शकतात. त्यामुळे दोन सारखे निघण्याची भीती जवळपास नाहीच.

३. बिलावर "ग्राहक क्र. १०१" हवाच असेल, तर तो वेगळ्या फील्डमध्ये ठेवा आणि ट्रान्झॅक्शन वापरूनच वाढवा. मधेच दुसऱ्यानं आकडा बदलला, तर ट्रान्झॅक्शन पुन्हा नव्यानं वाचून मगच लिहितं.

तीन गोष्टी विसरू नका

ग्राहकानं नंबर बदलला की लॉगिनमधला नंबरही त्याच खात्यात बदलून घ्या. नाहीतर जुन्या नंबरवर ओटीपी घेणारा थेट त्या खात्यात शिरेल.

एकच माणूस आज ओटीपीनं आणि उद्या गुगलनं आला, तर त्याचे दोन यूआयडी होतात. दोन्ही लॉगिन एकाच खात्याला जोडायची सोय ठेवा.

आणि यूआयडी म्हणजे पासवर्ड नव्हे. ज्याचं खातं त्यालाच दिसेल, हे सिक्युरिटी रूल्समध्ये लिहावंच लागतं.

तुमचं ॲप आधीच मोबाईल नंबरवर चालू असेल, तर पन्नास ग्राहक आहेत तोवरच बदल करून घ्या. पाच हजार झाल्यावर प्रत्येकाचा हिशोब जुळवत बसावं लागेल.

भेटूया पुढच्या व्हिडिओत!