नवी गोळी आणि वाकडी मान

मुकुंदवाडीच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय. आज हप्त्याचा विषय नाही, कर्जाचाही नाही. आज गोळ्यांबद्दल बोलायचंय.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गटातल्या एका ताईच्या लेकीला उलट्या लागल्या. पोरगी सतरा-अठरा वर्षांची. उलटी थांबायची गोळी आणली, दिवसातून तीनदा दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिची मान एका बाजूला वळली ती सरळच होईना. डोळे वर चढले, जबडा आवळला, जीभ बाहेर यायला लागली. पण शुद्ध पूर्ण होती. आईकडे हात करत होती. गल्लीत पाच मिनिटांत निदान झालं, बाहेरचं लागलंय. कुणी लिंबू आणलं, कुणी चप्पल हुंगायला लावली, कुणी कुठल्याशा बाबाचा फोन नंबर शोधायला लागलं. तेवढ्यात ताईच्या थोरल्या जाऊबाईंनी गोळ्यांचं पाकीट मुठीत घेतलं आणि रिक्षा बोलावली. दवाखान्यात डॉक्टर मॅडमनी पाकीट बघितलं, एक इंजेक्शन दिलं. अर्ध्या तासात मान जागेवर आली. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी आमच्यातल्याही दोघी लिंबाच्या बाजूच्या होत्या.

त्या गोळीत मेटोक्लोप्रामाइड नावाचं औषध होतं. औषध वाईट नाही, पुष्कळांना ते चालतं. पण आपल्या मेंदूत डोपामिन नावाचं एक रसायन असतं. मान, हात, जीभ सुरळीत हलायला ते लागतं. मळमळ जागी होते तीही त्याच्याच मार्फत. हे औषध डोपामिनची वाट अडवतं, म्हणून उलटी थांबते. आता एका शेतासाठी चारीचं दार बंद केलं तर पुढच्या शेताचंही पाणी तुटतं ना? तसंच होतं. काहींच्या हालचालीचा तोल जातो आणि स्नायू आपोआप आवळतात. लहान मुलं आणि तरुण पोरं-पोरी यांना हा धोका जास्त, आणि तो बहुतेक वेळा पहिल्या चार-पाच दिवसांतच दिसतो. 2013 साली युरोपच्या औषध संस्थेने सांगितलं की हे औषध पाच दिवसांच्या वर देऊ नये आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला तर देऊच नये. शेजारणीच्या घरातली उरलेली गोळी आपल्या लेकराला देताना एवढं आठवा.

औषधाने अंग असं बिघडणं ही काही आजची गोष्ट नाही, आणि ते फक्त कारखान्यातल्या गोळीनेच होतं असंही नाही. सर्पगंधा ही तर आपलीच वनस्पती. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली तिचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला. पुढे तिच्यातलं रेसरपिन हे औषध देशोदेशी गेलं, आणि काही रोग्यांचं अंग ताठ व्हायला लागलं, हात थरथरायला लागले. स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी रेसरपिन सशांना दिलं. ससे जागचे हलेनात. मग शरीरात ज्याचं डोपामिन बनतं ते रसायन टोचलं, तर ससे पुन्हा उड्या मारायला लागले. या कामाबद्दल त्यांना 2000 साली नोबेल मिळालं. ते रसायन आपल्या बांधावरच्या खाजकुयरीच्या बियांतही असतं. म्हणून बिया कुटून खाऊ नका हं!

सगळ्यात जास्त हा त्रास दिसतो तो मानसिक आजाराच्या औषधांनी, हॅलोपेरिडॉल, रिस्पेरिडॉन अशांनी. तिथे त्याची रूपं वेगवेगळी. कुणाची मान वळते. कुणाचे हात थरथरतात, चाल मंदावते. कुणाला एका जागी बसवतच नाही, येरझारा चालू, पाय हलतोच आहे. घरच्यांना वाटतं, वेड वाढलं. ते वेड नसतं, गोळीचा परिणाम असू शकतो. महिनोन्‌महिने, वर्षानुवर्षे औषध चालू असलं तर काहींचं तोंड चघळल्यासारखं आपोआप हलत राहतं. आणि म्हाताऱ्या माणसांना चक्करेची गोळी महिनोन्‌महिने चालू असेल तर थरथरीचं कारण तीही असू शकते, फक्त वय नाही.

मग गोळ्या फेकून द्यायच्या का? नाही. उलटीच्या गोळीने असं झालं तर पुढची गोळी देऊ नका आणि लगेच दवाखाना गाठा. मानसिक आजाराची गोळी मात्र मनाने बंद करू नका. आजार उलटतो, आणि एकदम बंद केल्याने तोंडाची हालचाल वाढूही शकते. त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. ते मात्रा कमी करतात, औषध बदलतात, सोबत दुसरी गोळी देतात. श्वास अडत असेल, गिळता येत नसेल, किंवा अंग ताठ आणि जोराचा ताप असून माणूस बरळत असेल, तर वाट बघू नका. 108 ला फोन करा. जाताना पाकीट न्या. कागद हरवला तरी चालेल, पाकीट पाहिजे.

मानसिक आजाराबद्दल काही विचारायचं असेल तर 14416 हा टेली-मानसचा फुकटचा नंबर आहे, मराठीत बोलतात. औषधाचा त्रास कळवायला 1800-180-3024. फोन लावायला अवघड वाटलं तर आशाताईला सोबत घ्या. आणि भूत उतरवतो म्हणून कुणी माणसाला मारायला, बांधायला निघालं, तर 2013 च्या कायद्याने तो गुन्हा आहे.

ती पोरगी आता कॉलेजला जाते. डॉक्टर मॅडमनी तिच्या कागदावर लाल पेनाने त्या औषधाचं नाव लिहून दिलंय, पुन्हा द्यायचं नाही म्हणून. ताईने तो कागद बचत गटाच्या पासबुकाच्या प्लास्टिकमध्ये घालून ठेवलाय. बैठकीला पासबुक काढलं की आधी तोच बाहेर येतो.