साथीदार श्रोत्यांत बसतो तेव्हा

बिबवेवाडीहून मुकुंदनगरचे अंतर थोडे. तथापि डिसेंबरात खांद्यावर शाल टाकून आणि पिशवीत थर्मास घेऊन मी सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या मंडपाकडे निघालो, की पेटीची साथ करण्यात हयात घालविलेल्या माझ्यासारख्याला आपला हुद्दा घरीच ठेवून आल्यासारखे वाटते. रमणबागेतला हा उत्सव २०१८ पासून महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात भरू लागला, आणि आमच्या भागातील रसिकांची चांगलीच सोय झाली.

हुद्दा घरी ठेवला, तरी कान सोबत येतातच. इतरांना स्वर ऐकू येतो. पेशेवाल्याला त्यामागची यातायातही ऐकू येते. तंबोरा किंचित उतरला, गायकाने तार षड्जापूर्वी श्वास चोरला, तबलजीने लय केसभर ओढली, या साऱ्याची नोंद मनाच्या दप्तरात होत असते आणि गुडघ्यावर बोटे नकळत चालू लागतात. परंतु एखादी सम अनपेक्षित वाटेने येते, तेव्हा ती बोटे थबकतात. मला तर आस्वादाचा आरंभ तेथेच झालेला वाटतो.

व्यवसायबंधूंत असूया असते, हे नाकारणे ढोंग ठरेल. गंधर्व नाटक मंडळी आणि ललितकलादर्श यांची चुरस सर्वश्रुत होती. तरीही टिळक स्वराज्य फंडासाठी ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत झालेल्या संयुक्त 'मानापमाना'त बालगंधर्वांची भामिनी आणि केशवराव भोसल्यांचा धैर्यधर समोरासमोर उभे राहिले. प्रतिस्पर्ध्याचे गाणे हाताच्या अंतरावरून ऐकण्याचा तो योग!

भीमसेनांची गोष्ट निराळी. अब्दुल करीम खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका ऐकून गदगचा जो अकरा वर्षांचा मुलगा गुरूच्या शोधार्थ घर सोडून गेला, तो गायक होण्यापूर्वी श्रोताच होता. आणि पुढे १९५३ मध्ये, आदल्या वर्षी निवर्तलेल्या सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ त्याने जो उत्सव उभा केला, त्यात स्वतःची पाळी कित्येक वर्षे अखेरीस ठेवली.

कुमार गंधर्वांनी तर श्रवणाचेच गायन केले. बाल्यावस्थेत थोर गायकांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन लोकांना थक्क करणारे कुमार प्रौढपणी 'मला उमजलेले बालगंधर्व' सादर करतात, तेव्हा ऐकलेले परत करणे आणि उमजलेले मांडणे यांतील अंतर त्या शीर्षकातील एका विशेषणात सामावते. नकलेला तीक्ष्ण कान पुरतो. उमजण्याला दुसऱ्याच्या स्वराने आपल्यात वर्षानुवर्षे बिऱ्हाड करावे लागते.

रात्री मैफल उलगडल्यावर मी बिबवेवाडीला परततो. पेटी उघडावीशी वाटते. पण शेजारी निजलेले असतात, म्हणून भाता न हलविता पट्ट्यांवरून नुसती बोटे फिरवतो.