एक्स्प्लेनर : चितेगावचा व्हिडिओकॉन का बुडाला? बिडकीनने काय शिकायचं?

बिडकीनच्या ऑरिकमध्ये टोयोटा किर्लोस्कर, एथर या कंपन्यांनी प्रकल्प जाहीर केले आहेत. पण याच पैठण रोडवर, बिडकीनच्या अलीकडे चितेगावात, एकेकाळी घराघरात टीव्ही पोहोचवणाऱ्या व्हिडिओकॉनचा कारखाना होता. त्याचं नेमकं काय झालं?

कुठे चुकलं?
जुन्या डबा टीव्हीत काचेची जड पिक्चर ट्यूब असायची. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा ट्यूबचा व्यवसाय विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको, चीनमधले कारखाने हाती आले. नेमके तेव्हाच एलसीडी टीव्ही स्वस्त होऊ लागले. एलसीडी पॅनल वेगळ्याच तंत्राने बनतं. ट्यूबची यंत्रं तिथे चालत नाहीत.

फक्त टीव्हीमुळेच बुडाली?
नाही. कंपनी तेल-वायू आणि मोबाइल सेवेतही उतरली. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ टूजी परवाने रद्द केले, त्यात व्हिडिओकॉनचेही होते. कर्जाचा डोंगर वाढला. जून २०१८ मध्ये दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

आपण काय करायचं?
बॅटरीचं तंत्रही बदलत राहणार. त्यामुळे आयटीआयच्या मुलांनो, एकाच मशीनवर हात बसवून थांबू नका. इलेक्ट्रॉनिक्सचा पाया पक्का करा. मशीन भंगारात गेली, तरी तो कामाला येतो.