वेगाच्या मागे साठ वर्षे

१९१५ साली अमेरिकेतल्या सॅव्हेज कंपनीने .२५०-३००० हे रायफलचे काडतूस बाजारात आणले. नावातले ३००० म्हणजे सेकंदाला तीन हजार फूट. ते घडवणाऱ्या चार्ल्स न्यूटनना १०० ग्रेन वजनाची गोळी हवी होती. कंपनीने ८७ ग्रेनची घेतली, कारण जड गोळीने तो आकडा गाठता येईना. आकड्यासाठी गोळी बदलली, आणि पुढची कित्येक वर्षे हेच चालले.

१९३५ मध्ये विंचेस्टरचे .२२० स्विफ्ट आले. ४८ ग्रेनची गोळी, वेग ४११० फूट. या वेगाने नळीचा घसा लवकर झिजे. घरी काडतुसे भरणाऱ्यांच्या लक्षात आले, की दारू थोडी कमी भरली तर नळी टिकते आणि कागदावरची छिद्रेही जवळजवळ पडतात.

खरे तर गोळ्या पसरण्याचे मूळ १९०९ मध्येच सापडले होते. मॅसॅच्युसेट्सचे डॉक्टर फ्रँकलिन मान यांनी नळी काँक्रीटच्या पायावर घट्ट बसवून वर्षानुवर्षे गोळ्या झाडल्या. माणसाचा हात बाजूला काढला, तरी गोळ्या पसरतच होत्या. दोष गोळीत होता: तोल ढळलेला, बूड वाकडे. या प्रयोगांवरचे त्यांचे पुस्तक आधी वाचले गेले असते, तर पुष्कळ नळ्या वाचल्या असत्या, असे मला मनापासून वाटते.

वेग निरुपयोगी नाही. हजार यार्डांवर गोळी जितकी लवकर पोचेल, तितका वारा तिला कमी ढकलतो. पण तिथेही वेग मोठा असण्याइतकाच तो प्रत्येक गोळीला सारखा असावा लागतो. नाहीतर एक गोळी वर जाते, दुसरी खाली. वेगमापक यंत्र सामान्य नेमबाजाच्या बाकावर आले, तेव्हा कोष्टकात छापलेला वेग आणि आपल्या रायफलचा वेग एक नाहीत, हे अनेकांना पहिल्यांदा दिसले.

बाकावर रायफल टेकवून होणाऱ्या अचूकतेच्या स्पर्धा १९५० नंतर माइक वॉकर यांच्या .२२२ रेमिंग्टनने गाजवल्या. १९७५ मध्ये लुई पाल्मिसानो आणि फेरिस पिंडेल यांनी .२२० रशियनच्या पुंगळीवरून आखूड, जाड अंगाचे ६ पीपीसी घडवले आणि या स्पर्धांतली .२२२ ची जागा त्याने घेतली. दोन्हीपैकी एकही आपल्या काळातले सर्वांत वेगवान काडतूस नव्हते.

आजही तेच दिसते. २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकले. या प्रकारातली .२२ ची काडतुसे कारखान्यातच भरून येतात आणि नेमबाज एकेक लॉट झाडून पाहून निवडतात. त्या गोळीचा वेग आवाजाच्या वेगापेक्षाही थोडा कमी असतो.