झांकली मूठ आणि शिकलेली दृष्टि

‘झांकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण घरांतील वडील माणसांच्या तोंडून ऐकली नाहीं असा मराठी वाचक विरळाच. एकत्र कुटुंबांत दहा माणसें, दहा स्वभाव. भांड्याला भांडें लागावयाचेंच. तो आवाज शेजारीं जाऊं नये ही सावधगिरी शहाणपणाची आहे, आणि तिच्यामुळें पुष्कळ घरें मोडतां मोडतां सांवरलीं आहेत. परंतु त्या झांकलेल्या मुठींत एखाद्या लेंकराचें मनगट पिळलें जात असेल, किंवा एखादी सून मार खाऊन, पदर सांवरून, पुन्हां पानें वाढावयास येत असेल, तर त्या मुठीची किंमत कोणीं व किती दिवस भरावी, हा प्रश्न आपण स्वतःस क्वचित्‌च विचारतों.

आपली समजूत अशी कीं, असें कांहीं घडत असेल तर तें दिसल्यावांचून राहणार नाहीं. घरांत इतकीं माणसें, शाळेंत शिक्षक, दुखण्याखुपण्यास डॉक्टर. ज्याला काळीज आहे त्याच्या तें लक्षांत येईलच. ह्या समजुतीस गेल्या पाऊणशें वर्षांचा इतिहास जोराचा धक्का देतो. काळीज पुष्कळांना होतें. तरीहि त्यांना दिसलें नाहीं. पाहण्याचेंहि शिक्षण घ्यावें लागतें, आणि तें एकट्यानें घेतां येत नाहीं. म्हणूनच कौटुंबिक हिंसा व बालकांचा छळ ह्यांच्या निवारणासाठीं डॉक्टर, पोलीस, वकील, शिक्षक व समाजसेवक ह्यांच्या परिषदा आणि शिक्षणवर्ग आज देशोदेशीं भरत असतात. परिषद म्हटली कीं हारतुरे, लांबलचक भाषणें व चहाफराळ हींच आपल्या डोळ्यांपुढें येतात, आणि कित्येक परिषदांच्या बाबतींत तें खोटेंहि नाहीं. परंतु ह्या विषयाला वाचा फुटली ती मात्र एका परिषदेंतच. ती हकीकत ऐकण्यासारखी आहे.

१९४६ सालीं न्यूयॉर्कचे क्ष-किरणतज्ज्ञ जॉन कॅफी ह्यांनीं सहा तान्ह्या मुलांची हकीकत एका वैद्यकीय मासिकांत प्रसिद्ध केली. सहाहि मुलांच्या मेंदूच्या आवरणाखालीं रक्तस्राव झालेला होता, आणि हातापायांचीं लांब हाडें ठिकठिकाणीं मोडलेलीं होतीं. हाडांचा एखादा रोग म्हणावा, तर तसें लक्षण सांपडेना. कॅफी ह्यांनीं जें पाहिलें तें लिहिलें. कारणाविषयीं मात्र फार सावधपणें लिहिलें. त्यानंतर पंधरा वर्षें अशीं मुलें रुग्णालयांत येत राहिलीं. पाळण्यांतून पडलें, जिन्यावरून घसरलें, असें सांगितलें जाई, आणि बहुतेक डॉक्टर तें लिहून घेत. आईबापच आपल्या मुलाला असें मारतील, ही कल्पना सज्जन माणसाच्या मनाला शिवत नव्हती.

पुढें अमेरिकेंतील डेन्व्हर येथील बालरोगतज्ज्ञ हेन्री केम्प ह्यांनीं हा प्रश्न धसास लावला. केम्प हे जर्मनींतून लहानपणींच परागंदा व्हावें लागलेल्या एका ज्यू कुटुंबांतील. देवीच्या रोगावरील संशोधनासाठीं त्यांनीं आपल्या मद्रासेंतहि काम केलें होतें. १९६१ सालीं अमेरिकेंतील बालरोगतज्ज्ञांच्या वार्षिक अधिवेशनांत, शिकागो येथें, त्यांनीं ह्या एकाच विषयावर परिसंवाद घडवून आणला, आणि त्याला मुद्दामच कानाला बोंचेल असें नांव दिलें: ‘बडविलेल्या बालकाचा लक्षणसमूह’. पुढच्या वर्षीं, १९६२ च्या जुलैमध्यें, त्याच नांवाचा निबंध त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं प्रसिद्ध केला. त्यासाठीं त्यांनीं देशभरांतील रुग्णालयांकडे विचारणा केली होती. ७१ रुग्णालयांनीं एका वर्षांतील ३०२ मुलांची माहिती कळविली. त्यांतील ३३ मुलें दगावलीं होतीं, आणि ८५ मुलांच्या मेंदूला कायमची इजा झाली होती.

ह्यांतील एकहि मूल त्या निबंधामुळें जखमी झालें नव्हतें. तीं सर्व आधींच कोणा ना कोणा डॉक्टरच्या हाताखालून गेलीं होतीं. परंतु प्रत्येक डॉक्टरजवळ एक-दोनच उदाहरणें, आणि तींहि अपवाद म्हणून मनाच्या कोपऱ्यांत टाकलेलीं. तीं एकत्र मांडलीं गेलीं तेव्हां अपवाद अपवाद राहिला नाहीं. निरनिराळ्या वेळीं मोडून निरनिराळ्या प्रमाणांत सांधत आलेलीं हाडें एकाच छायाचित्रांत दिसलीं, तर एकदां पडल्याची कथा त्यांच्याशीं जुळत नाहीं, हें डॉक्टरांना शिकवितां येऊं लागलें. १९६७ पर्यंत अमेरिकेच्या सर्व राज्यांत अशा प्रकरणांची वर्दी देण्याविषयीं कायदे झाले. १९७६ मध्यें जिनीव्हा येथें ह्या विषयाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि १९७७ मध्यें त्यासाठीं आंतरराष्ट्रीय संस्थाहि स्थापन झाली.

येथें कोणी म्हणेल कीं, हे परदेशांतील प्रकार. आपल्याकडे मूल नातलगांच्या गोतावळ्यांत वाढतें. तर नातलगांच्या हातूनच घडलेली एक हकीकत सांगतों. व्हिक्टोरिया क्लिंबिये ही आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्टची सुमारें सात वर्षांची मुलगी. परदेशीं चांगलें शिक्षण मिळेल ह्या आशेनें आईबापांनीं १९९८ सालीं तिला वडिलांच्या आत्येच्या स्वाधीन केलें. शिक्षणासाठीं मूल काकाकडे किंवा मावशीकडे ठेवण्याची चाल आपल्यालाहि परकी नाहीं. ती आजी तिला आधीं फ्रान्सला व मग लंडनला घेऊन गेली. तेथें त्या बाईनें व तिच्या जोडीदारानें मुलीचे अनन्वित हाल केले. २५ फेब्रुवारी २००० रोजीं व्हिक्टोरिया मरण पावली, तेव्हां तिच्या अंगावर १२८ जखमा व वण मोजले गेले.

ती कोठें लपविलेली नव्हती. समाजसेवा खात्याच्या कर्मचाऱ्यांनीं तिला पाहिलें होतें, पोलिसांना ठाऊक होतें, दोन रुग्णालयांत ती जाऊन आली होती. एके ठिकाणीं तर अंगावरच्या खुणा खरजेच्या म्हणून ठरविण्यांत आल्या. लॉर्ड लॅमिंग ह्यांच्या चौकशी समितीचा अहवाल २००३ च्या जानेवारींत प्रसिद्ध झाला. तिला वाचवितां आलें असतें असे निदान १२ प्रसंग हातचे गेले, असें त्यांत दाखवून दिलें आहे. प्रत्येकाजवळ सत्याचा एकेक तुकडा होता. तुकडे जोडण्याची रीत कोणाजवळ नव्हती. निरनिराळ्या खात्यांच्या माणसांना एकाच वर्गांत बसवून शिकविण्यावर आज जो भर दिला जातो, त्यामागें असे अनुभव आहेत.

ह्याच्या उलट बाजूचाहि धडा घेणें अवश्य आहे. कॅलिफोर्नियांतील मॅक्‌मार्टिन नांवाच्या बालशाळेवर १९८३ मध्यें मुलांच्या लैंगिक छळाचा आरोप आला. शेंकडों मुलांना प्रश्न विचारण्यांत आले. पण विचारणारे इतके उतावीळ होते कीं, उत्तर प्रश्नांतच घालून देत, आणि ‘नाहीं’ म्हणणाऱ्या मुलाला पुन्हां पुन्हां तेंच विचारीत. मुलें अशक्य कोटींतल्या गोष्टी सांगूं लागलीं. सात वर्षें खटला चालला, आणि १९९० मध्यें एकालाहि शिक्षा न होतां तो संपला. कांहीं माणसांचीं आयुष्यें मातीस मिळालीं, आणि खरोखर छळ झालेल्या मुलांच्या शब्दावरचा विश्वासहि त्यामुळें डळमळला. दया असून ज्ञान नसलें म्हणजे काय होतें, त्याचें हें उदाहरण होय.

म्हणून आजच्या शिक्षणवर्गांत मुलाशीं बोलावें कसें हा एक स्वतंत्र विषय झाला आहे. ‘त्यानें तुला हात लावला ना?’ असें विचारावयाचें नाहीं. ‘काय झालें तें सांग’, ‘मग पुढें काय झालें?’ एवढेंच विचारावयाचें, आणि थांबावयाचें. तें थांबणेंच सर्वांत कठीण. त्याचा सराव जोडीजोडीनें करून घेतात. अमेरिकेंत अलाबामा राज्यांतील हंट्सव्हिल येथें १९८५ मध्यें असें केंद्र निघालें कीं, तेथें मुलानें आपली हकीकत शिकलेल्या एकाच माणसापाशीं सांगावी, आणि पोलीस, वकील व समाजसेवक ह्यांनीं तेवढ्यावर काम चालवावें. त्यापूर्वीं तीच दुःखद कथा मुलाला प्रत्येक कचेरींत नव्यानें सांगावी लागे. त्या केंद्राची ह्या विषयावरील परिषदहि दरवर्षीं भरते.

आपल्याकडे ह्या कामाचीं मुळें जुनीं आहेत. अब्रूच्या भयानें विधवांवर व त्यांच्या अर्भकांवर जो प्रसंग ओढवत असे, तो ओळखून जोतिराव व सावित्रीबाई फुले ह्यांनीं १८६३ सालीं पुण्यांत बालहत्या प्रतिबंधक गृह काढलें. तो आश्रय ब्राह्मण विधवांसाठींच होता, हें आपण विसरूं नये. अलीकडच्या काळांत, १९८४ मध्यें, टाटा समाजविज्ञान संस्थेनें मुंबईच्या पोलीस आयुक्तालयांत स्त्रिया व मुलें ह्यांच्यासाठीं विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजसेविका पोलिसांच्याच वास्तूंत बसूं लागल्या. २००० सालच्या सुमारास वांद्र्याच्या महापालिकेच्या भाभा रुग्णालयांत ‘दिलासा’ केंद्र निघालें. जखम बांधतांना ती कशानें झाली हें विचारण्याचें, आणि तें नवरा-सासू जवळ नसतांना विचारण्याचें, शिक्षण तेथील परिचारिकांना व डॉक्टरांना देण्यांत आलें. विष घेतलेली बाई ‘चुकून’ म्हणते, तेव्हां त्या एका शब्दापाशीं क्षणभर थांबावयाचें, हें त्या शिक्षणांतलें महत्त्वाचें कलम आहे.

आणि गरज किती आहे? केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानें २००७ मध्यें बालकांच्या छळाविषयींची पाहणी प्रसिद्ध केली. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांना विचारण्यांत आलें होतें. महाराष्ट्र व गोवा त्यांत होते. दर तीन मुलांपैकीं दोघांनीं मार खाल्ल्याचें, आणि निम्म्याहून अधिकांनीं कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचें सांगितलें. छळणाऱ्यांपैकीं सुमारें निम्मे ओळखीचे, विश्वासांतले होते. बहुतेक मुलांनीं तें कोणालाहि सांगितलेलें नव्हतें. ह्यानंतर ‘आमच्या घरीं असें नाहीं’ हें वाक्य उच्चारण्यापूर्वीं थोडा विचार करणें बरें.

कायद्यानेंहि आतां उंबरठा ओलांडला आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याच्या व्याख्येंत एकत्र कुटुंबाचा स्पष्ट उल्लेख आहे. आणि मारहाण, अपमान व पैशाची कोंडी ह्या तिन्ही गोष्टी त्यांत हिंसा मानल्या आहेत. मुलांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१२ च्या कायद्याप्रमाणें असा अपराध घडल्याचें ज्याला कळेल, त्यानें पोलिसांना कळविलेंच पाहिजे; न कळविणें हा गुन्हा आहे. सद्भावानें कळविणाऱ्यास मात्र कायद्याचें संरक्षण आहे. मुलाचा जबाब शक्यतों स्त्री अधिकाऱ्यानें, गणवेश न घालतां, मुलाच्या घरीं किंवा त्याला सोयीच्या ठिकाणीं घ्यावा, असेंहि त्यांत सांगितलें आहे.

परिषदेंत शिकलेल्या डॉक्टरच्या किंवा फौजदाराच्या हातीं हें प्रकरण जातें तें फार उशिरां. त्याच्या आधीं तें आपल्याच माजघरांत असतें. लग्नकार्याच्या गर्दींत एखादी नात म्हणते, “आजी, मला त्या काकांच्या शेजारीं झोपवूं नकोस.” आजीचें उत्तर ठरलेलें असतें: “असें बोलूं नये, ते मोठे आहेत.” त्या एका वाक्यानें मुलीचें तोंड कित्येक वर्षांकरितां बंद होऊं शकतें. शिकलेल्या माणसांची रीत निराळी आहे, आणि ती आजीलाहि सहज जमण्यासारखी आहे. हातांतलें काम खालीं ठेवावें. मुलीला त्या रात्रीं आपल्या कुशींत घ्यावें. “काय झालें, बाळ?” एवढेंच विचारावें, आणि ती सांगेल तितकेंच ऐकावें, नांवें व तपशील आपण सुचवूं नयेत. “तुझी चूक नाहीं, तूं सांगितलेंस हें चांगलें केलेंस,” असें म्हणावें. “कोणाला सांगणार नाहीं,” असें वचन मात्र देऊं नये, कारण तें पाळतां येणार नाहीं. सर्वांना गोळा करून तिच्याकडून तीच गोष्ट पुन्हां वदवूं नये. आणि मग जें कळवावयाचें तें कळवावें. मुलांच्या मदतीसाठीं १०९८ ही दूरध्वनीची सोय रात्रंदिवस आहे. मुंबईंत १९९६ मध्यें सुरू झालेली ती सेवा आज देशभर आहे.

छडीविषयीं आपल्या घरांत मतभेद असतील. लाडानें मूल बिघडतें व मारानें सुधारतें, हें संस्कृत सुभाषितकारांनींहि सांगून ठेवलें आहे. पण ज्या घरांत मोठ्यांचा हात उठला कीं प्रश्न विचारण्याची सोय नसते, त्या घरांतील मूल दुसऱ्या कोणाचा हात अंगावर आला तरी गप्पच राहतें. त्याला गप्प राहण्याचेंच शिक्षण मिळालेलें असतें.

केम्प ह्यांच्या परिसंवादास गेलेले डॉक्टर घरीं परतले, तेव्हां त्यांच्या रुग्णालयांत तींच मुलें व तींच छायाचित्रें होतीं. ह्या खेपेस मात्र काय पाहावयाचें तें त्यांना कळलेलें होतें. आपल्या कुटुंबांतहि माणसें तींच आहेत. पुढच्या कार्याला घर भरेल, अंथरुणें घातलीं जातील, आणि एखादें मूल दाराशीं रेंगाळेल. तें कां रेंगाळतें, एवढें विचारावयास कोणी तरी थांबलें, तर घराची अब्रू जाणार नाहीं. मूल मात्र वाचेल.